गोळी लागू पडेनाशी होते तेव्हा

भाताची कापणी उरकली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांत धुराचे दिवस सुरू होतात. रिकाम्या शेतांत वीटभट्ट्या लागतात. उन्हाळ्यात रोपे टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि कवळाच्या फांद्या पसरून राब भाजला जातो. खोपोली आणि रसायनीच्या कारखान्यांची धुरांडी तर बारा महिने चालू असतात. पावसाळ्यात सरपण ओले होते आणि घरातल्या चुली पेटण्याऐवजी धुमसत राहतात. लग्नसराईत आणि नियाजच्या वेळी देगीखाली लाकडे लावून आपले बावर्ची तासन्‌तास धुरात उभे असतात. नेरळजवळच्या दामतपासून खोपोलीजवळच्या हाळपर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात रात्री कान द्या, कुठल्या ना कुठल्या घरातून खोकण्याचा आवाज येतोच. कुणाचे दादा असतात, कुणाची नानी असते. घरच्यांना त्या आवाजाची सवय झालेली असते.

या खोकल्यावरचा आपला उपायही ठरलेला असतो. खोकला वाढला, कफ पिवळा झाला की मुलाला मेडिकलवर पाठवायचे. 'मागच्या वेळी दिली होती तीच गोळी द्या,' म्हणून सांगायचे. तीन गोळ्यांत बरे वाटले तर उरलेल्या कपाटात ठेवायच्या, पुढच्या वेळेला कामी येतील म्हणून. ही चाल साधी आणि स्वस्त आहे, पण तिने फार मोठे नुकसान होत आहे. ते कसे, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

सूनबाईंचा सवाल

आमच्या नात्यातले एक बुजुर्ग खालापूर तालुक्यात राहतात. तरुणपणी त्यांना टीबी झाला होता. त्यांनी सरकारी औषधांचा कोर्स इमानदारीने पूर्ण केला आणि टीबी गेला. खोकला मात्र राहिला. वर्षातून चार-पाच वेळा तो उसळी मारायचा आणि दरवेळी एकाच जुन्या चिठ्ठीवर अँटिबायोटिकच्या गोळ्या यायच्या. एका पावसाळ्यात त्यांना ताप आणि धाप एकदमच आली. नेहमीची गोळी दिली, फरक नाही. दुसरी, जास्त ताकदीची दिली, तरी फरक नाही. शेवटी शहरातल्या रुग्णालयात दाखल करावे लागले.

तिथे त्यांचा बेडका तपासणीला गेला. तीन दिवसांनी कागद आला. त्यावर जंतूचे नाव होते, सुडोमोनास. खाली औषधांची लांब यादी होती आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर होते. 'एस' म्हणजे या औषधाने जंतू मरतो. 'आर' म्हणजे मरत नाही. यादीत बहुतेक ठिकाणी 'आर' होते. पोटात घेण्याची एकही गोळी उरली नव्हती. दोन-तीन महागडी इंजेक्शनेच शिल्लक होती. दोन आठवडे शिरेतून औषध द्यावे लागले. अल्लाहच्या कृपेने ते घरी आले, पण त्यासाठी दुभती म्हैस विकावी लागली.

त्यांच्या सूनबाईंनी आम्हाला एकच सवाल केला, 'अब्बांचं औषध आम्ही कधी चुकवलं नाही. खोकला झाला की लगेच गोळी आणली. मग औषध लागू का पडलं नाही?' सवाल अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर त्या सवालातच आहे. दरवेळी गोळी दिली, म्हणूनच ती पुढे लागू पडेनाशी झाली.

फुप्फुसात जंतू मुक्काम का करतात

निरोगी माणसाच्या श्वासनलिकांना आतून अतिशय बारीक केसांचे अस्तर असते. त्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. श्वासाबरोबर आत आलेली धूळ आणि जंतू या थराला चिकटतात आणि ते केस सतत हलत राहून सगळी घाण घशाकडे ढकलतात. घरात रोज झाडू फिरावा तसे हे काम दिवसरात्र चालू असते.

वर्षानुवर्षे धूर, बिडी-सिगारेट किंवा कारखान्याची धूळ आत गेली की हे केस झडतात आणि श्वासनलिका आकसतात. कफ जास्त तयार होतो, पण बाहेर पडत नाही. या आजाराला डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात. आपण त्याला सरसकट 'दमा' म्हणतो, पण दमा वेगळा. दम्यात आकसलेली नळी बऱ्याच अंशी पुन्हा मोकळी होते. सी.ओ.पी.डी.मध्ये ती पूर्ण मोकळी होत नाही.

हा आजार फक्त बिडी ओढणाऱ्या पुरुषांचा, हा गैरसमज आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सी.ओ.पी.डी.वर लेख लिहून जगाचे लक्ष चुलीच्या धुराकडे वेधले. बिडीला हात न लावलेल्या, पण आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आपल्या नानी-दादी या आजाराच्या तितक्याच हकदार ठरतात. २०१६ साली भारतात या आजाराचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. हृदयविकारानंतर आपल्या देशात सर्वाधिक मृत्यू याच आजाराने होतात.

दुसरा प्रकार टीबीनंतरचा. टीबी बरा होतो, पण फुप्फुसावर व्रण ठेवून जातो. काही श्वासनलिका कायमच्या सैल आणि फुगीर होतात. त्यांत कफ साचतो, जसे खड्ड्यात पाणी साचते. याला ब्राँकिएक्टॅसिस असे नाव आहे. भारतातल्या ३१ केंद्रांमधील २,१९५ अशा रुग्णांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ३५ टक्के रुग्णांच्या आजाराचे मूळ टीबीत होते आणि कफात सर्वाधिक आढळलेला जंतू होता तोच, सुडोमोनास.

साचलेल्या कफात जंतूंना ऊब, ओलावा आणि खाणे सारे मिळते. तिथे ते पाहुणे म्हणून येतात आणि मालक होऊन बसतात. शिवाय आपल्याभोवती ते एक बुळबुळीत आवरण तयार करतात. पाण्याच्या टाकीला आतून शेवाळे धरते तसे. औषध त्या आवरणाच्या आत पुरेसे पोचत नाही.

जंतूंची शाळा

औषध सुरू झाले की आधी कमजोर जंतू मरतात. लाखोंमध्ये एखादा असा असतो, की ज्याच्यात त्या औषधाला तोंड देण्याची ताकद अपघाताने आलेली असते. तो वाचतो. मैदान मोकळे मिळाल्यावर त्याचीच औलाद वाढते. दरवेळी तेच औषध दिले, की दरवेळी हीच निवड होते. काही जंतू औषधाचे तुकडे करणारा पदार्थ बनवतात. काही आत आलेले औषध पंपासारखे बाहेर फेकतात. काही औषध आत येण्याची दारेच बंद करतात.

त्याहून घातक म्हणजे ही विद्या ते एकमेकांना देतात. शाळेत परीक्षेच्या वेळी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर उत्तराची चिठ्ठी सरकते, हे आम्हा शिक्षकांना नवे नाही. जंतूंचेही तसेच आहे. औषधाला हरवण्याची कृती लिहिलेला जनुकांचा छोटा तुकडा एक जंतू दुसऱ्याला देतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा.

म्हणजे औषधाची सवय रुग्णाच्या शरीराला लागत नाही, ती जंतूला लागते. हा फरक महत्त्वाचा आहे. असा जंतू घरातल्या दुसऱ्या माणसाकडे गेला, तर ज्याने आयुष्यात ते औषध कधी घेतले नाही, त्यालाही ते लागू पडत नाही.

हा धोका नव्याने कळलेला नाही. १९२८ साली पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणातच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट ते औषधाला सरावतील. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मुंबईने दिलेला इशारा

कर्जतहून लोकलने मुंबई गाठायला दोन-अडीच तास लागतात. आपली मुले तिथे कामाला जातात आणि मोठे दुखणे निघाले की आपणही तिकडेच धावतो. त्यामुळे मुंबईत जे घडले ते आपल्यापासून दूरचे नाही.

१९९१ साली धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांना टीबीवरचे औषध लिहून द्यायला सांगितले गेले, तेव्हा ८० वेगवेगळ्या चिठ्ठ्या निघाल्या. जवळपास वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तसाच अभ्यास पुन्हा केला. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारचे उपचार लिहिले. १०६ डॉक्टरांपैकी बरोबर चिठ्ठी लिहिणारे होते फक्त सहा. त्याचा परिणाम लवकरच दिसला. २०११ च्या अखेरीस याच डॉक्टरांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या टीबीच्या जंतूवर तेव्हा तपासलेले एकही औषध चालत नव्हते. जानेवारी २०१२ मध्ये ही बातमी जगभर गाजली. 'पूर्णपणे औषधरोधी' हा शब्द योग्य की अयोग्य यावर सरकारी पातळीवर वाद झाला, पण रुग्णांचे दुखणे काही खोटे नव्हते.

टीबीखेरीज इतर जंतूंची गोष्टही अशीच. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सर्वांत ताकदीच्या मानल्या जाणाऱ्या कार्बापेनेम गटाच्या औषधांना न जुमानणाऱ्या २४ जंतूंची तपासणी झाली. त्यातील २२ मध्ये औषध निकामी करणारा 'एन.डी.एम.-१' हा पदार्थ सापडला. म्हणजे शेवटच्या फळीतले औषधही ढासळू लागले होते.

कायदा आहे, पण दुकानात कोण बघतो?

१ मार्च २०१४ पासून देशात 'एच-वन' ही औषधांची वेगळी यादी लागू आहे. तिच्यात ताकदवान अँटिबायोटिक आणि टीबीची औषधे आहेत. ही औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत अशा औषधांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. २०१६ साली सरकारने या लाल रेघेची मोहीमही काढली. तरीही चिठ्ठी न विचारता औषध मिळते, हे आपण सगळेच जाणतो. दुकानदाराचा दोष आहेच, पण काउंटरवर हट्ट आपण धरतो.

यात एक खास धोका आहे. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे साध्या खोकल्यावर सर्रास दिली जातात. पण टीबीच्या हट्टी जंतूवर याच गटातली औषधे महत्त्वाची असतात. खोकला टीबीचा असेल, तर या गोळीने चार दिवस बरे वाटते, निदान लांबते आणि तेवढ्यात जंतू ते औषध पचवायला शिकतो.

कोंबड्यांचाही यात वाटा आहे. कोंबडी लवकर वाढावी म्हणून खाद्यात कोलिस्टिन मिसळले जात असे. माणसांसाठी हे अगदी शेवटचे औषध. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्राण्यांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. आपल्या भागात पोल्ट्री चालवणारे अनेक भाऊ आहेत. हलाल कमाईत ही काळजीही येते.

घरात काय करता येईल

पहिली गोष्ट, ओळख. जुना खोकला असणाऱ्याच्या कफाचा रंग पांढऱ्यावरून हिरवा-पिवळा झाला, कफाचे प्रमाण वाढले आणि धाप नेहमीपेक्षा वाढली, ही तीन लक्षणे डॉक्टरांना नेमकी सांगावीत. अँटिबायोटिकची गरज आहे की नाही, हे ठरवताना ते याचाच विचार करतात. दुखणे उसळण्याचे कारण बऱ्याचदा विषाणू किंवा धूर असतो आणि त्यावर अँटिबायोटिक काहीच करत नाही. नुसती धाप वाढली असेल, तर श्वासनलिका मोकळी करणारे औषध लागते.

दुसरी, बेडक्याची तपासणी. वारंवार त्रास होत असेल किंवा औषध लागू पडत नसेल, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी 'कफाची कल्चर तपासणी करायची का?' असे डॉक्टरांना विचारावे. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल खोकून आलेला कफ द्यावा. थुंकी देऊ नये. आलेला कागद जपून ठेवावा आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवावा.

तिसरी, टीबीची शंका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा कफातून रक्त दिसले, तर कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे किंवा चौकचे ग्रामीण रुग्णालय अथवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी यंत्रणेत मोफत आहेत. आता जंतूचे जनुक तपासणारी यंत्रे आहेत. त्यातले ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झाले. टीबी आहे की नाही आणि मुख्य औषध चालेल की नाही, हे काही तासांत कळते. औषधरोधी टीबीसाठीही २०२४ साली सहा महिन्यांची नवी उपचारपद्धती सरकारने मंजूर केली आहे. पूर्वी यालाच दीड-दोन वर्षे लागत.

चौथी, इन्हेलर. 'पंपाची सवय लागते' ही भीती मनातून काढावी. इन्हेलरमधले औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून फार कमी मात्रेत काम होते. ते नियमित आणि योग्य पद्धतीने घेतले, तर दुखणे उसळण्याचे प्रसंग कमी होतात. प्रसंग कमी झाले की अँटिबायोटिकही कमी लागते. स्टेरॉइडचा इन्हेलर घेतल्यावर चूळ भरावी. घरात नेब्युलायझर असेल, तर त्याचा कप आणि मास्क दरवेळी धुऊन पूर्ण कोरडा करावा. सुडोमोनासला ओलसर जागा फार आवडतात.

पाचवी, धूर. चुलीपाशी खिडकी किंवा धुराडे हवेच. जुमेरातच्या लोबानच्या वेळी आजारी माणसाला दुसऱ्या खोलीत बसवावे. डासांची एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असतात, असे २००३ सालच्या एका अभ्यासात दिसले. मच्छरदाणी कधीही बरी.

सहावी, लस. दरवर्षी फ्लूची आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे न्यूमोनियाची लस घेतली, तर मुळात आजारच कमी होतात. हजला जाणाऱ्या बुजुर्गांच्या बाबतीत तर हे विसरू नये. लाखोंच्या गर्दीत खोकला झपाट्याने पसरतो.

एक खबरदारीही सांगितली पाहिजे. हा लेख वाचून कुणी चालू औषध मनाने बंद करू नये. काही निवडक रुग्णांना डॉक्टर विचारपूर्वक दीर्घकाळ अँटिबायोटिक देतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत वर्षभर ॲझिथ्रोमायसिन दिल्याने दुखणे उसळण्याचे प्रमाण घटले होते, पण काहींना कमी ऐकू येऊ लागले आणि जंतूंमध्ये प्रतिकारही दिसला. हा तोल डॉक्टरांनीच सांभाळायचा असतो. रुग्णाला वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा तो गुंगीत असेल, तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

रमजान आणि औषध

दरवर्षी रमजानमध्ये एक चूक घडते. दिवसातून तीनदा घ्यायचे औषध सहरी आणि इफ्तारला दोनदाच घेतले जाते किंवा कोर्स अर्ध्यावर सोडला जातो. अपुरे औषध म्हणजे जंतूंना दिलेली तालीमच. कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दिलेली आहे. ती अल्लाहची रहमत आहे, कमजोरी नव्हे. इन्हेलरने रोजा तुटतो की नाही, याबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत. म्हणून शाबान महिन्यातच डॉक्टर आणि आपले इमामसाहेब या दोघांनाही विचारून घ्यावे. सहरी-इफ्तारच्या वेळेत बसेल असे औषध बऱ्याचदा बदलून मिळते.

आपल्या प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी इलाज करून घेण्याची तालीम दिली आहे, तसेच साथीच्या काळात दुसऱ्याला आजार लागू नये याची काळजी घ्यायलाही शिकवले आहे. जंतूंचा प्रतिकार हा या दोन्ही गोष्टींना लागू पडणारा विषय आहे. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी वर्षातून एकदा पाच मिनिटे यावर बोलावे, अशी आमची विनंती आहे. शाळेतल्या मुलांना लाल रेघेची ओळख करून दिली, तर मेडिकलवर गेलेले मूल स्वतःच म्हणेल, 'चिठ्ठी आणली नाही, ही गोळी नको.'

औषध ही आपल्या खिशातल्या पैशाने घेतलेली वस्तू असली, तरी तिची ताकद सगळ्यांची मिळून आहे. ती अमानत आहे. आज आपल्या दादांच्या साध्या खोकल्यावर ती उधळली, तर उद्या शेजारच्या बाळंतिणीला किंवा आपल्याच नातवाला गरज पडेल तेव्हा ती उरणार नाही. आज घरी एवढे करा. कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या बाजूला काढा, पुढच्या भेटीत त्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यातली एकही गोळी कुणाला देऊ नका.